ठोसरबाईंची सवत

अप्पांनी बाईंना "आपले यजमान घरी केव्हा येतात?" असं विचारलं, त्या दिवशी मी तिथे होतो. शनिवार होता. बाई सांगत होत्या आणि मी लिहून घेत होतो. अप्पा गॅलरीतून आले, दाराशी थांबले, त्यांनी हात जोडले आणि हा प्रश्न विचारला. अप्पा हेच बाईंचे यजमान. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

बाई गेल्या त्याला आता काही महिने झाले. त्यांच्याविषयी मी लिहावं असं कॉलेजातल्या लोकांनी सुचवलं, तेव्हा त्यांना बहुधा 'विद्यार्थिप्रिय प्राध्यापिका' अशा धर्तीचं काहीतरी हवं होतं. बाई विद्यार्थिप्रिय नव्हत्या. विद्यार्थी त्यांना घाबरत, आणि जे घाबरत नसत त्यांना बाई दुसऱ्या तासापर्यंत घाबरायला शिकवत. डॉ. वत्सला ठोसर, कर्वेनगरच्या एका कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका. मध्ययुगीन युरोपातल्या शौर्याच्या आणि प्रेमाच्या कथा हा त्यांचा विषय. एम.ए.ला हा पेपर ऐच्छिक होता आणि तो घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक चुकून आलेले असत. मी त्या निम्म्यांतला. यवतमाळहून आलो होतो. खिडकीवरच्या कारकुनाने ज्या पेपरला जागा आहे म्हणून सांगितलं, तो घेतला.

पहिल्याच तासाला बाईंनी मुलांना विचारलं की जेवल्यावर स्वतःचं ताट कोण कोण धुतं. दोन-तीन हात वर आले, तेही कोपरापर्यंतच. बाई म्हणाल्या, "उरलेल्यांनी राक्षस मारायला जावं. ते सोपं असतं. म्हणून या कथांमधे जागोजागी राक्षस आहेत, ताट एकही नाही." मग त्यांनी माझं नाव आणि गाव विचारलं. यवतमाळ ऐकल्यावर म्हणाल्या, "एवढ्या लांबून फक्त यासाठी आलात, वानखडे? तिकडे राक्षस संपले का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वीस-एक वर्षांतही त्यांच्या बहुतेक प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण त्यामुळे त्यांनी विचारणं थांबवलं नाही.

घोड्यावरून फिरणाऱ्या त्या चिलखतधारी वीरांना मराठीत काय म्हणायचं, यावर त्यांचं ठाम मत होतं. 'सरदार' म्हटलं की त्यांना जहागीर आणि पोट सुटलेला माणूस दिसायचा. त्यांचा शब्द 'शिलेदार'. आपल्याकडेही शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारं घेऊनच चाकरीला येत असे. बाईंची व्याख्या अशी, "स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार आणि स्वतःचाच गैरसमज घेऊन जो घराबाहेर पडतो, तो शिलेदार."

त्या काळच्या दरबारांत प्रेमाचे नियम ठरलेले होते. शिलेदाराने प्रेम करायचं ते दुसऱ्याच्या बायकोवर, शक्यतो आपल्या मालकाच्याच. तेही दुरून. ती सांगेल ते काम करायचं, तिचं नाव कुठे काढायचं नाही. तिच्यासाठी झोप उडाली पाहिजे, जेवण गोड लागता कामा नये, ती समोर आली की चेहरा पांढरा पडला पाहिजे. जगातले लोक याला उदात्त वगैरे म्हणतात. बाई म्हणायच्या, "प्रेम कसलं, अर्जविनंती आहे सगळी. राणीसाहेब म्हणजे सरकारी खिडकी आणि शिलेदार म्हणजे रांग. खिडकी बहुतेक वेळ बंद."

या नियमांतला बाईंचा आवडता नियम असा, की नवरा-बायकोंत हे प्रेम असूच शकत नाही. तो शिकवताना त्या चष्मा काढून ठेवत. "नवऱ्याला हक्क असतो. ज्याला हक्क असतो तो विनंती करत नाही. विनंती नाही तिथे हे प्रेम नाही. नवरा चांगला असेल, कर्तबगार असेल, पण तो नवरा आहे. पुढचं पान." आमची मान आपोआप खिडकीकडे वळायची, कारण फाटकाबाहेर अप्पा स्कूटरवर बसलेले असायचे. ते हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूममधे होते. पहिली पाळी संपली की शहर ओलांडून बाईंना न्यायला यायचे. बुटके, गप्प, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. मी एकदा धीर करून त्यांना विचारलं की बाई वर्गात नवऱ्यांबद्दल काय शिकवतात ते त्यांना माहीत आहे का. ते म्हणाले, "परीक्षेला येतं का ते?" मी म्हटलं, दर वर्षी येतं. "मग शिकवायलाच हवं," एवढं बोलून त्यांनी आरसा पुसायला घेतला.

पुढे मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. बाई निवृत्त झाल्या, अप्पा त्याआधीच झाले होते. संधिवाताने बाईंची बोटं वळेनाशी झाली तेव्हा त्यांनी मला शनिवारी दुपारी घरी बोलवायला सुरुवात केली. शिलेदारांच्या प्रेमकथांवर मराठीत एक पुस्तक लिहायचं होतं. त्या सांगायच्या, मी लिहायचो. अप्पा चहा आणून द्यायचे. नंतर नंतर चहात साखर दोनदा पडू लागली, मग एकदाही पडेना. अप्पा विसरू लागले होते. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग कर्वेनगरातला घराचा रस्ता. आणि मग त्या शनिवारी, बाई.

बाईंनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "अहो, तुम्हीच माझे यजमान."

अप्पांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिऱ्हाइतासमोर एका बाईने असं काही बोलावं याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटलेली दिसली. ते आत गेले आणि त्यांनी दाराला कडी घातली. थोड्या वेळाने बाहेर आले ते बॅग घेऊन. बॅगेत टॉवेल, दाढीचं सामान आणि पक्कड. म्हणाले, आपण भल्या आहात, पण परस्त्रीच्या घरी असं राहणं बरं दिसत नाही. बाईंनी कपाटातून लग्नाचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. अप्पांनी तो उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"चांगले आहेत आपले यजमान," ते म्हणाले. "चेहऱ्याने जरा बावळट वाटतात. पण स्वभावाने बरे असावेत."

त्यांची मुलगी मीरा हडपसरला राहते, तिथेच एका आयटी कंपनीत आहे. ती रविवारी आली, तेव्हा बाईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. मीराला अप्पांनी लगेच ओळखलं. तिला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच विचारलं, त्या बाहेर बसल्यात त्या बाई कोण गं? आणि वर बजावलं, की आईला यातलं काही सांगू नकोस, ती कॉलेजातून यायची आहे, तापट आहे. मीरा रडत बाहेर आली आणि तिने सगळं सांगितलं. बाई आधी खूप हसल्या. मग मला म्हणाल्या, "लिहा वानखडे. सवतीचं नाव वत्सला ठोसर. शिक्षण एम.ए., पीएच.डी. स्वभाव तापट."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की अप्पांशी वाद घालू नका. मीराला ते मान्य नव्हतं. "आई, यू हॅव टू करेक्ट हिम," ती म्हणायची. "रोज सांग, दहा वेळा सांग. आज तू त्यांच्या हो ला हो केलंस ना, तर उद्या तू त्यांच्यासाठी उरणारच नाहीस." यात तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. बाईंनाही ते पटलं असावं, कारण काही आठवडे त्या रोज सांगत राहिल्या. फोटो दाखवला, मंगळसूत्र दाखवलं, रेशनकार्ड दाखवलं. दर वेळी अप्पा अदबीने ऐकून घेत आणि आत जाऊन बॅग भरत. एकदा तर ते जिना उतरून रस्त्यापर्यंत गेले आणि त्यांना परत आणायला पेपरवाल्याला मधे घालावं लागलं. शेवटी एका शनिवारी बाई चष्मा काढून म्हणाल्या, "हक्क सांगितला की हा माणूस निघून जातो. नाही सांगितला तर राहतो, पण माझा राहत नाही. आता काय करायचं ते तुमच्या ग्रंथालयात कुठे सापडतंय का बघा."

त्याच दुपारी अप्पा दाराशी आले आणि त्यांनी यजमानांची चौकशी केली. बाई म्हणाल्या, "फिरतीवर आहेत. आपण बसा ना."

अप्पा बसले. खुर्चीच्या कडेवर, पण बसले.

त्यानंतर जे सुरू झालं ते पाहायला मिळालं हे माझं भाग्य. अभ्यासक्रमात त्याचा फक्त सिद्धांत होता. अप्पा खोलीत येण्याआधी दार वाजवू लागले. आयुष्यभर 'अगं' म्हणणारा माणूस 'आपण' म्हणू लागला. जेवताना दुसरी पोळी मागायला त्यांना संकोच वाटे, त्यामुळे ती न मागता वाढावी लागे. बेल वाजली की ते न्हाणीघरात जाऊन लपत, कारण बाईंचे यजमान आले असले तर उगीच गैरसमज नको. बाई दार उघडून आत ओरडत, "कुरियर आहे, या बाहेर." एके दिवशी त्यांनी मिक्सरचं हलणारं झाकण पाहिलं आणि विचारलं, आपली परवानगी असेल तर बघू का? तासाभरात ते झाकण घट्ट झालं. बाई मला म्हणाल्या, "पंधरा वर्षं सांगत होते. परक्या बाईचं आहे म्हटल्यावर हातात पाना आला." आणि वर, "सगळं नियमाप्रमाणे चाललंय. लाजणं आहे, सेवा आहे, गुप्तता आहे, जेवण कमी झालंय. फक्त घोडा नाही."

शनिवारी बाई इस्त्रीची साडी नेसून बसू लागल्या. मी वहीतून मान वर करून पाहिलं. त्याच म्हणाल्या, "बघताय काय? परका पुरुष आहे घरात."

एका दुपारी चहा पिताना त्यांनी अप्पांना विचारलं, आपल्या घरी कोण कोण असतं? मी लिहायचं थांबवलं. अप्पा म्हणाले, मंडळी आहे, कॉलेजात शिकवते, फार हुशार आहे, तिच्यातलं मला काही कळत नाही. बाईंनी विचारलं, त्रास होतो का तिचा? एवढ्या सरळ आवाजात त्यांनी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

अप्पांनी विचार केला. "बोलते लागेल असं," ते म्हणाले. "पण स्कूटरवर मागे बसली की गप्प असते. खांद्यावर हात ठेवते. घर येईपर्यंत तो तसाच असतो." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते उठले. "निघायला हवं. आपण फार चांगल्या आहात, पण ती फाटकाशी उभी असेल. पाय दुखले तरी सांगणार नाही ती."

ते चपला घालून स्कूटरची किल्ली शोधू लागले. स्कूटर कधीच विकली होती. त्या दिवसापासून संध्याकाळ व्हायला लागली की हेच. किल्ली मिळेना की ते आधी चिडायचे, मग लहान मुलासारखे रडायचे. ती उभी असेल, ती उभी असेल, एवढंच म्हणत राहायचे. बाईंनी राणीसाहेबांचे सगळे अधिकार वापरून पाहिले. बसा म्हटलं, थांबा म्हटलं, नळ गळतोय म्हटलं. शिलेदार ऐकेना. "राणीला सोडून बायकोला आणायला जाणं," बाई म्हणाल्या, "हे कुठल्याच कथेत नाही. कशात बसवायचं याला?" त्या हसत नव्हत्या. समोर बसून बाईंना काही करता येत नव्हतं, कारण अप्पांना जी हवी होती ती तिथे नव्हती.

एका शनिवारी अप्पा किल्ली शोधायला उठायच्या आधीच बाई उठल्या. त्यांनी जुनी खांद्याची पिशवी काढली, तीत दोन पुस्तकं टाकली आणि मला आतल्या खोलीत बोलावून सांगितलं, "मी पुढे जाते. थोड्या वेळाने यांना रिक्षाने कॉलेजच्या फाटकाशी घेऊन या."

मी विचारलं, तिथेही ओळखलं नाही तर?

"तर मीरा म्हणते ते खरं. मग मी कुठेच उरले नाही. हे एकदा बघायला तर हवं."

बाहेर येऊन त्यांनी अप्पांचा रीतसर निरोप घेतला. म्हणाल्या, येते हं, आमचे हे फिरतीवरून यायची वेळ झाली. अप्पा उठून उभे राहिले. त्यांची जरा सुटका झाल्यासारखी वाटली.

फाटकावरचा रखवालदार नवा होता. त्याने बाईंना विचारलं होतं, कोणाला भेटायचंय, मॅडम? बाईंनी सांगितलं, "नवऱ्याला. घरी भेटत नाहीत, म्हणून इथे यावं लागतं." तो पुन्हा काही विचारायला गेला नाही.

आमची रिक्षा आली तेव्हा बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पिशवी खांद्यावर. मी त्यांना दोन दशकं ओळखत होतो. इतकी वर्षं तोंडी परीक्षेला समोर बसणाऱ्यांचे जे चेहरे होत, तसा त्या वेळी त्यांचा झाला होता. अप्पा रिक्षातून उतरले. दोन पावलं गेले आणि थांबले. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, फाटकाच्या पाटीकडे पाहिलं, परत चेहऱ्याकडे पाहिलं. एक बस गेली. तिच्या मागून बऱ्याच दुचाक्या गेल्या.

"अगं, किती वेळ उभी आहेस?" अप्पा म्हणाले. "पाळी सुटायला उशीर झाला. चल."

"तुमचं नेहमीचंच," बाई म्हणाल्या.

दोघं रिक्षात बसली. मी चालत येतो म्हणालो. रिक्षा वळताना मागच्या खिडकीतून दिसलं, की बाईंचा हात अप्पांच्या खांद्यावर होता. अप्पा रिक्षावाल्याला मीटर जोरात पळतोय म्हणून सुनावत होते.

घरी पोचून पाणी प्यायल्यावर अप्पा उठले, दारापर्यंत गेले, आणि बाईंना म्हणाले, आपल्याला उगीच तसदी झाली. बाई म्हणाल्या, छे, तसदी कसली. मग हा रोजचा क्रम झाला. दुपारभर घरात एक बाई असायच्या, संध्याकाळी फाटकाशी दुसऱ्या. इतर दिवशी अप्पांना फाटकाशी घेऊन जायचं काम खालच्या मजल्यावरचे जोशी करत, शनिवारी मी. कधीकधी अप्पांनी फाटकाशीही ओळखलं नाही. त्या दिवशी बाई म्हणायच्या, मी त्यांची मैत्रीण, तिला आज मीटिंग आहे, आपण मला घरी सोडाल का? अप्पा सोडायचे. दोन्हींकडून बाई घरी पोचत होत्या.

मीरा एकदा मुद्दाम रजा काढून आली आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून तिने हे सगळं पाहिलं. त्यानंतर तिने आईला करेक्ट करायला सांगितलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "बाबा तिच्याशी असं बोलताना मी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे, दोघींशीही."

पुस्तकात आम्ही तोवर त्या नियमाच्या प्रकरणापर्यंत आलो होतो. मी विचारलं, की नवरा-बायकोंबद्दलचं ते वाक्य तसंच ठेवायचं का. बाईंना प्रश्नातला आगाऊपणा कळला.

"तसंच ठेवा. नियम बरोबर आहे. नवऱ्याला ते जमत नाहीच. यांना आधी नवरेपण विसरावं लागलं." पेन माझ्या हातात तसंच होतं. त्या पुढे म्हणाल्या, "हवं तर तळटीप घाला, 'अपवाद, कर्वेनगर'. नको, राहू दे. लोक पत्ता विचारत येतील."

बाई गेल्या त्या दुपारी त्या फाटकाशी जायला निघाल्या होत्या. पिशवी खांद्यावर घेतली आणि बरं वाटत नाही म्हणून खुर्चीत बसल्या. जोशींनी गाडी काढली, पण हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अप्पांना कोण सांगणार आणि काय सांगणार, यावर नातेवाइकांचं बराच वेळ चाललं होतं. मीराने कोणाचं ऐकलं नाही. ती अप्पांसमोर खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, आई गेली." अप्पांना ते कळलं. ते रडले, आणि ज्याची बायको गेली आहे असा माणूस रडतो तसेच रडले.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. अप्पा मला गॅलरीत घेऊन गेले. आत कोणी ऐकत नाही ना ते त्यांनी पाहिलं.

"त्या बाईंना कळवलं का?"

मी विचारलं, कोणत्या?

"दुपारी असायच्या त्या. हिच्याबद्दल नेहमी विचारायच्या. त्यांना वाईट वाटेल."

मी म्हटलं, कळवलं आहे. त्यांना फार वाईट वाटलं.

"येणार आहेत का?"

मी सांगितलं, की त्यांच्या यजमानांची बदली झाली, त्या लांब गेल्या आहेत.

अप्पांनी मान हलवली. "तेही बरोबरच आहे," ते म्हणाले. "आता त्यांनी इथे येणं बरं दिसलं नसतं."

कर्वेनगरचं घर बंद आहे. पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं सांगायची राहिली, ती तशीच आहेत. अप्पा हडपसरला मीराकडे असतात. बायको वारली हे त्यांच्या लक्षात आहे. दुसऱ्या बाई बदलीच्या गावी आहेत.